कूलर, झिरो माईल आणि रात्रीची व्याख्यानं

"ताई, नेटवर काहीतरी चांगलं ऐकायला सांगा ना, डोकं चालेल असं." हे मला ऑफिसमधले लोक विचारतात, बहीण विचारते, सोसायटीतल्या मैत्रिणी तर नेहमीच विचारतात, कारण सगळ्यांना माहीत आहे की रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मी कुठलं ना कुठलं व्याख्यान लावून बसते नाहीतर मोठा लेख उघडते. लिंक मी देतेच, पण त्याआधी एक विचारते. सध्या तुला कशाबद्दल प्रश्न पडलाय? घरात, रस्त्यावर, कामात अशी कुठली गोष्ट आहे जी रोज दिसते पण कशी काय होते ते कळत नाही? लोक जरा थबकतात, काही म्हणतात अगं तसं काही नाही, नुसतंच टाइमपास म्हणून पाहिजे होतं. मग मी थोडं खोदून विचारते आणि दरवेळी काहीतरी निघतंच.

मला मनापासून असं वाटतं की विचार करायला लावणारं काही शोधायचं असेल तर सुरुवात आपल्या प्रश्नापासून व्हायला पाहिजे. यूट्यूब उघडून समोर जे येईल ते बघितलं की ते दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं, बघताना बरं वाटतं आणि परवा काय बघितलं ते आज आठवत नाही. आणि प्रश्न स्वतःचा असला ना, की वीस पानांचा किचकट पेपरसुद्धा माणूस डिक्शनरी घेऊन वाचतो, मी वाचलाय म्हणून सांगतेय.

कूलरचंच घ्या. मे महिन्यात नागपुरात कूलर म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस) लागायच्या आधी खस बदलायची, पंप चालतो का बघायचा, टाकीत पाणी कोणी भरायचं यावरून घरात भांडणं, हे दरवर्षीचं. तर माझा भाचा, सातवीत आहे, जुलैमध्ये सुट्टीच्या दिवशी घरी आला होता आणि कूलरसमोर बसून म्हणाला, "मावशी, मे महिन्यात हाच कूलर कसा मस्त थंडी हवा देत होता, आता काहून नुसतं चिपचिप करून राहिला?" मी म्हटलं अरे हवा दमट आहे. तर म्हणे, "हो पण दमट आहे म्हणून थंडी काहून नाही होत? पाणी तर तेच आहे." आता पाणी उडून जाताना उष्णता घेतं इथपर्यंत मला शाळेतलं आठवत होतं, त्यापुढे मलाही नीट सांगता येईना. मग आम्ही दोघं शोधायला बसलो.

पहिल्यांदा जे आलं ते सगळं कूलर विकणाऱ्यांचं होतं. पाच-सहा पानं चाळल्यावर एका लेखात एक शब्द दिसला, वेट बल्ब टेंपरेचर, आणि तो शब्द हाताला लागल्यावर सगळं बदललं. थर्मामीटरच्या खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्याच्यावर हवा लागू द्यायची, फडक्यातलं पाणी उडत जातं, टोक थंड होत जातं आणि एका आकड्यावर येऊन थांबतं, तो आकडा म्हणजे वेट बल्ब टेंपरेचर. कूलर कितीही भारी घ्या, त्या आकड्याच्या खाली तो हवा नेऊच शकत नाही. आता आपल्या मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री आणि हवेत आर्द्रता १० टक्के असली तर हा आकडा साधारण २१-२२ येतो, म्हणजे कूलरला खाली यायला चांगली वीसेक डिग्रीची जागा आहे. आणि जुलैमध्ये ३२ डिग्री आणि आर्द्रता ८० टक्के असली तर तो आकडा २९ च्या आसपास, म्हणजे जागा फक्त तीन डिग्रीची. बिचारा कूलर करणार काय! भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण आम्ही तिथे थांबलो नाही, कारण त्या शब्दाने पुढे नेलं. आपलं शरीरही घाम उडवूनच थंड राहतं ना, म्हणजे कूलरची जी मर्यादा तीच आपली. २०१० साली शेरवूड आणि ह्यूबर या दोन शास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला, त्यात मांडलं की वेट बल्ब ३५ डिग्रीच्या वर गेलं आणि काही तास तसंच राहिलं तर धडधाकट माणूस सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसला तरी त्याचं शरीर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले तेव्हा दमट हवेत ती मर्यादा ३५ च्या बरीच खाली, ३१ च्या आसपासच निघाली. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपण सारखं ४५ झालं, ४६ झालं म्हणतो, पेपरात मोठ्या अक्षरात तोच आकडा येतो, पण अंगाला काय सोसावं लागतं ते त्या एका आकड्यात मावत नाही, आर्द्रता किती होती तेही सोबत सांगायला पाहिजे. दुपारी दोन वाजता स्लॅबवर काम करणाऱ्या माणसासाठी हा फार महत्त्वाचा फरक आहे. कूलर चिपचिप का करतो इथून निघालो होतो आणि कुठे येऊन पोचलो.

नंतर भाच्याने सीताबर्डीवरून प्रयोगशाळेतलं साधं थर्मामीटर आणायला लावलं (तापाचं चालत नाही, त्याचे आकडे ३५ च्या पुढेच सुरू होतात), फडकं गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात, बाल्कनीत, कूलरच्या समोर, सगळीकडे मोजत फिरला. माझ्या मते चांगल्या लेखाची हीच खूण आहे. वाचून झाल्यावर माणूस उठून काहीतरी मोजायला, बघायला, विचारायला जातो.

यातून एक कामाची गोष्ट सांगते जी मी सगळ्यांना सांगते. सर्च करताना आपली भाषा वापरून सुरुवात करा पण पहिलं काम हे करा की त्या विषयातली माणसं त्या गोष्टीला काय म्हणतात तो शब्द हुडकून काढा. "कूलर काम का करत नाही" यावर जाहिराती येतात, "वेट बल्ब" टाकलं की संशोधक, डॉक्टर, हवामानवाले, मजुरांसाठी काम करणारे, सगळे एकदम भेटतात. तो एक शब्द सापडेपर्यंत जरा धीर धरावा लागतो, पहिल्या पानावर तो बहुतेक वेळा नसतोच.

दुसरं उदाहरण आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या खांबाचं. त्या चार घोड्यांसमोरून आपण सगळे जातो, आता तर मेट्रोचं स्टेशन पण आहे त्या नावाचं, आणि लहानपणापासून ऐकत आलोय की हा भारताचा मध्यबिंदू. पण तिथे जे दगडावर कोरलेलं आहे ते कोणी नीट वाचतं का? तिथे १९०७ चा स्टँडर्ड बेंच मार्क आहे, म्हणजे उंची मोजून पक्की केलेली खूण, इंग्रजांच्या काळात सगळा देश मोजणाऱ्या ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हेची, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची दिलीय १०२०.१७१ फूट. मला त्या शेवटच्या तीन आकड्यांनी धरून ठेवलं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि हे लोक फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत उंची लिहितायत, तीही सॅटेलाइट नसताना! कशी मोजली असेल? तर बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी काढायची आणि तिथून दुर्बीण आणि उभ्या पट्ट्या घेऊन थोडं थोडं अंतर मोजत, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर उंचीचा फरक नोंदवत, सगळा देश चालून यायचं. चालून! मला हे वाचताना अंगावर काटा आला होता.

आणि मग त्या सर्व्हेचं नाव धरून मागे गेले तर विल्यम लॅम्बटन नावाचा माणूस भेटला. १८०२ साली मद्रासजवळ त्याने काम सुरू केलं, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत, त्रिकोण जोडत जोडत तो उत्तरेकडे येत राहिला, वीस वर्षं. आणि १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे येताना वाटेत वारला. कुठे? हिंगणघाटला! आपल्या हिंगणघाटला, वर्धा जिल्ह्यात. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये हे सांगितलं तर आमच्याकडचे एकजण जे तिकडचेच आहेत, ते म्हणाले, "हो मॅडम, आमच्याकडे एका इंग्रजाची कबर आहे म्हणतात, पण तो कोण ते कोणाले माहीत नाही." त्याचं काम पुढे ज्याने हातात घेतलं त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. आणि त्याच सर्व्हेत पुढे १८५२ मध्ये राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने आकडेमोड करून दाखवलं की पीक पंधरा नावाचं शिखर सगळ्यात उंच आहे. उंची जाहीर झाली २९,००२ फूट, म्हणजे ८८४० मीटर. आज २०२० च्या मोजणीप्रमाणे ती ८८४८.८६ मीटर आहे. शंभर मैलांहून जास्त लांबून, मैदानात उभं राहून मोजलेल्या उंचीत नऊ मीटरचा फरक. शिखराला १८६५ मध्ये नाव मिळालं एव्हरेस्टचं, सिकदारांचं नाव किती लोकांना माहीत आहे सांगा. मला याचं खरंच वाईट वाटतं, आणि म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे ते नाव घेते.

हे सगळं एका लेखात नव्हतं हां. एका लेखाने लॅम्बटनचं नाव दिलं, त्या नावावरून दुसरा मिळाला, त्याच्या तळटीपेत जुने रिपोर्ट होते जे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत, स्कॅन केलेले, पिवळी पानं वगैरे तशीच. तळटीपा वाचायची सवय लावून घ्या असं मी कळकळीने सांगते. लेखक स्वतः कुठून शिकला ते तिथे लिहिलेलं असतं, आणि तिथे अल्गोरिदम तुम्हाला कधीच नेत नाही.

आता भाषणांबद्दल. लोक सगळ्यात आधी टेड टॉक्सचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. १९८४ ला ती कॉन्फरन्स सुरू झाली, २००६ पासून त्यांनी व्हिडिओ नेटवर फुकट टाकायला सुरुवात केली आणि अठरा मिनिटांची मर्यादा ठेवली, त्यामुळे ऑफिसमधून घरी येताना मेट्रोत एक ऐकून होतं. हान्स रोस्लिंग नावाचे स्वीडिश डॉक्टर होते, त्यांचं २००६ चं भाषण मी कितीतरी लोकांना दाखवलंय. पडद्यावर प्रत्येक देशाचा एक बुडबुडा, आणि वर्षं पुढे सरकतात तसे बुडबुडे हलतात, कुटुंबं लहान होत जातात, आयुष्य वाढत जातं, आणि रोस्लिंग क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखे ओरडून ओरडून सांगतायत. विकसित आणि अविकसित असे जगाचे दोन ढीग जे आपण शाळेपासून डोक्यात घेऊन फिरतो ते पंधरा-वीस मिनिटांत मोडतात. त्यांची गॅपमाइंडर ही साइट आहे, त्यावर आपण स्वतः ते बुडबुडे हलवून बघू शकतो, भारत आणि बांगलादेश लावून बघा एकदा.

पण अठरा मिनिटांत सगळं चकचकीत बसवायचं म्हटलं की शंका, अपवाद, अजून न कळलेलं, हे सगळं बाहेर राहतं. २०१२ चं एक फार गाजलेलं भाषण आहे, एमी कडी यांचं, की दोन मिनिटं छाती पुढे काढून, हात पसरून उभं राहिलं तर शरीरातले हार्मोन बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो. ते ज्या अभ्यासावर आधारलेलं होतं त्यात ४२ जण होते. नंतर दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तोच प्रयोग केला तर हार्मोनचा तो परिणाम दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ पेपरच्या पहिल्या लेखिकेने, म्हणजे कडींच्या सहकारी डॅना कार्नी यांनी, स्वतः जाहीरपणे लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. भाषण मात्र अजूनही फिरतंय, इंटरव्ह्यूच्या आधी मुलांना आवर्जून पाठवलं जातं. म्हणून माझा नियम असा की एखादं भाषण फारच आवडलं की त्याच रात्री वक्त्याचं नाव टाकून पुढे "टीका" किंवा "पुन्हा प्रयोग" असं इंग्रजीत सर्च करायचं. आवडलेल्या गोष्टीची उलटतपासणी करणं मला तरी भाषणाइतकंच रंजक वाटतं, आणि टीका वाचूनही जे टिकतं ते मग कायमचं आपलं होतं.

त्यापेक्षा लांबलचक व्याख्यानं मला जास्त प्रिय आहेत. रिचर्ड फाइनमन यांनी १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात व्याख्यानं दिली होती, भौतिकशास्त्राचे नियम म्हणजे नेमकं काय असतं यावर, ती सगळी नेटवर आहेत, काळीपांढरी. मी कॉमर्सवाली बाई, गणित समोर आलं की जरा बिचकते, पण तो माणूस फळ्यासमोर हातवारे करत बोलतो तेव्हा आपण ऐकत राहतो, आणि तो मध्येच सरळ सांगतो की हे असं का आहे ते आम्हाला माहीत नाही. इतका मोठा माणूस, पुढच्याच वर्षी ज्याला नोबेल मिळालं, तो भर सभागृहात हे म्हणतो! वक्ता कुठे "माहीत नाही" म्हणतो ते मी हल्ली लक्ष देऊन ऐकते, कारण पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मराठीत काय आहे असं विचारलं की लोक तोंड वाकडं करतात आणि मला राग येतो. भरपूर आहे, शोधावं लागतं एवढंच. जयंत नारळीकर सरांची मराठी व्याख्यानं आहेत, सर २०२५ च्या मे मध्ये गेले पण आवाज आहे, ते सावकाश, प्रत्येक वाक्य तोलून बोलणं आहे. त्यांचा तो ज्योतिषाचा प्रयोग ज्यांनी वाचला नाही त्यांनी जरूर वाचावा. नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या, शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या, आणि ज्योतिषांना सांगितलं की कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखा. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. यात मला सगळ्यात आवडतं ते हे की कोणाची टिंगल नाही, आरडाओरड नाही, एक प्रश्न सरळ विचारला, मोजता येईल असा केला, मोजला, आणि छापला. आमच्या घरी सासूबाई पत्रिका मानतात, त्यांना मी हे वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "त्या ज्योतिष्यायले येत नसन." मग आमची जी चर्चा झाली, की बरं मग येणारा ज्योतिषी कसा ओळखायचा, त्यात तासभर गेला आणि दोघींनाही मजा आली.

अरविंद गुप्ता यांची साइट तर मुलं असलेल्या प्रत्येक घरात उघडलेली असायला पाहिजे. आयआयटीतून शिकलेला हा माणूस, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन मुलांना भूमिती शिकवतो, जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या, रिकाम्या बाटल्यांचे पंप, आणि वर हजारो पुस्तकं मराठी, हिंदी, इंग्रजीत फुकट उतरवून घ्यायला ठेवली आहेत. मराठी विश्वकोश नेटवर आहे, ज्याचा पहिला खंड १९७६ ला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईतून निघाला, आणि त्याच्याही आधीचा केतकरांचा ज्ञानकोशसुद्धा आहे, तेवीस खंड, शंभर वर्षांपूर्वीचे. मी कधीकधी एकच विषय दोन्हीत काढून शेजारी शेजारी वाचते, पन्नास वर्षांत माणसांना काय नवीन कळलं आणि काय विसरलं ते दिसतं. आणि पारी, म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं अर्काइव्ह, त्यातले लेख मराठीतही असतात. आपल्या विदर्भातल्या कापसावरचे, वाघांच्या भीतीत शेतात जाणाऱ्या लोकांवरचे लेख तिथे वाचा, दोन तासांवर राहणाऱ्या माणसांबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे ते कळतं.

आता ज्या वाचनाने मला सगळ्यात जास्त हलवलं त्याबद्दल. ते एक भाषण आहे जे कधी झालंच नाही, "अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट". १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेब आंबेडकरांना परिषदेचं अध्यक्ष म्हणून बोलावलं, बाबासाहेबांनी भाषण लिहून पाठवलं, मंडळाला त्यातला मजकूर झेपला नाही, बदल करा म्हणाले, बाबासाहेबांनी एक स्वल्पविराम बदलायलाही नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं, १५०० प्रती. गांधीजींनी "हरिजन"मध्ये त्यावर लिहिलं, बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत त्याला उत्तर दिलं. आज हे सगळं, मूळ भाषण, मंडळाशी झालेला पत्रव्यवहार, गांधीजींचं लिखाण आणि त्याचं उत्तर, एका जागी बसून वाचता येतं. महाराष्ट्र सरकारने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर पीडीएफमध्ये ठेवलेले आहेत. दीक्षाभूमीवर ऑक्टोबरमध्ये पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी असते ती ज्यांनी बघितलीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल, डोक्यावर गाठोडं आणि हातात पुस्तकांची पिशवी घेऊन परत जाणारी माणसं दुसरीकडे कुठे दिसतात?

मी ते वाचताना काय केलं तर एका वेळी एकच बाजू वाचली, आणि दुसरी बाजू वाचायच्या आधी वहीत लिहून ठेवलं की समोरचा आता काय म्हणेल असं मला वाटतं. मग त्याचं खरं उत्तर वाचायचं. जिथे माझा अंदाज चुकायचा तिथे थांबायचं, का चुकला ते बघायचं. ही सवय मला इतर वादांतही कामी येते. असंच संविधान सभेतल्या चर्चांचं, त्या पूर्ण नेटवर आहेत, तारखेवार. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं भाषण सगळ्यांना निदान ऐकून माहीत असतं, ज्यात ते म्हणतात की राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण पाऊल टाकतोय. पण ते भाषण नुसतं वाचू नका, त्याच्या आधीच्या आठवड्यातले इतर सदस्य काय बोलत होते तेही वाचा, कोणी चिडलेलं आहे, कोणाला वाटतंय की गावाला काहीच दिलं नाही, कोणी आभार मानतंय. मग कळतं की हे भाषण आधीच्या कितीतरी लोकांना दिलेलं उत्तर आहे. आणि १५ ऑक्टोबर १९५६ चं नागपूरचं भाषण, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं, ज्यात नागपूरच का निवडलं ते ते स्वतः सांगतात, नाग लोकांचा आणि बुद्धधम्माचा संबंध सांगतात. या शहरात राहून ते वाचलं नसेल तर आज रात्री वाचा, एवढीच विनंती.

वेळ कुठून आणता असं पण विचारतात. मी दुपारचा फोन बघणं बंद केलं, रात्री एकच गोष्ट घेते, एक व्याख्यान किंवा एक लेख, आणि संपल्यावर लगेच पुढचं लागू देत नाही, ऑटोप्ले बंद आहे. वहीत तीन ओळी लिहिते. काय नवीन कळलं, काय पटलं नाही, आणि कोणतं नाव किंवा शब्द पुढे शोधायचाय. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, उद्याचं वाचन तीच ठरवते. कधी झोप येते, कधी लेख बकवास निघतो आणि अर्ध्यावर सोडून देते, त्याचं मला काही वाटत नाही. इंग्रजी जड जात असेल तर व्हिडिओचा वेग कमी करून खाली सबटायटल लावा, किंवा ट्रान्सक्रिप्ट आधी वाचा आणि मग ऐका, सुरुवातीला मी तसंच करायची.

सध्या वहीतल्या तिसऱ्या ओळीत जुनापाणी लिहिलेलं आहे. काटोल रोडवर, शहरापासून अगदी जवळ, तिथे मोठमोठे दगड मांडून केलेली वर्तुळं आहेत (महापाषाण म्हणतात त्यांना), तीनशेच्या आसपास, लोहयुगातल्या लोकांनी आपली माणसं पुरली त्या जागा. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे केलेल्या खोदकामाबद्दल १८७९ मध्ये लिहून ठेवलंय, आणि मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधल्या खगोलशास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत त्या दगडांवर जे छोटे वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत त्यांच्या दिशा मोजल्या, कारण ते खळगे कुठेही कसेही नाहीत, ठरावीक दिशांनाच जास्त दिसतात असं त्यांचं म्हणणं आहे. आकाशाशी संबंध असेल का? सूर्य उगवण्याच्या जागेशी? त्यांचा पेपर माझा अर्धा वाचून झालाय आणि भाचा होकायंत्र शोधतोय. दिवाळीनंतर ऊन कमी झालं की आम्ही दोघं जाणार आहोत. तुमच्यापैकी कोणी तिथे जाऊन आलं असेल तर मला सांगा, ते खळगे दगडाच्या कुठल्या बाजूला आहेत आणि सकाळच्या तिरप्या उन्हात जास्त नीट दिसतात की संध्याकाळच्या.